पाणी आण, आयझॅक

त्याचा हात माझ्या पाठीवर होता.

डाव्या खांद्यावरून निघाला. खाली उतरला. तिरका. उजव्या कमरेकडे. बोटं थांबत थांबत जात होती, टी-शर्टच्या कापडाखाली काही लागतंय का ते चाचपत.

काही लागलं नाही.

"मला वाटलंच होतं," मकरंद म्हणाला.

मकरंद माझा मॅनेजर. पुण्याचा. माझ्याच वयाचा, त्यामुळे आमचं अरे-तुरे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत त्याचं मोठं घर आहे, मागे स्विमिंग पूल. उन्हाळा सुरू झाला म्हणून त्यानं टीमला बोलावलं होतं, बायकापोरांसकट. ग्रिलवर पनीर होतं, कणसं होती. पोरं पाण्यात उड्या मारत होती. पुरुष हातात ग्लास घेऊन सावलीत उभे. बायका आत, किचनमध्ये.

"काय शोधतोयस रे त्याच्या पाठीवर?" निखिलनं विचारलं. निखिल आमच्याच टीममधला, मुंबईचा.

"काही नाही यार. याचं आडनाव असं आहे ना, नक्की कळत नाही. म्हटलं चेक करावं."

जानवं शोधत होता तो.

सगळे हसले. आणि मी पण हसलो.

मला सांगायचंय ते या हसण्याबद्दल. त्याच्या हाताबद्दल कुणीही सांगेल. तो हात आमच्या कितीतरी जणांच्या पाठीवरून फिरलाय, या देशातसुद्धा. पण त्या हाताखाली उभं राहून मी दात काढले. कुणी सांगितलं नव्हतं हसायला. ग्लास हातात धरला, मान जरा तिरकी केली, आणि हसलो. जणू काही मीही त्या मस्करीत होतो.

घरी जाताना गाडीत सुजातानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "गप्प का आहेस?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

माझं आडनाव असं आहे की ते आमच्यातही सापडतं आणि त्यांच्यातही. त्या आडनावाच्या आड मी अमेरिकेत आलो तेव्हापासून राहिलो. नागपूरचे म्हणजे नेमके कुठले? मूळ गाव कोणतं? घरी गणपती किती दिवसांचा? हे प्रश्न आले की मी विषय क्रिकेटवर न्यायचो. नागपुरात आम्ही घरी जसं बोलायचो, तसं बोलणं सोडलं. 'काहून' सोडलं. 'मले' सोडलं. पुण्याच्या लोकांसारखं 'अगदी' आणि 'बरं का' म्हणायला शिकलो. माझं बोलणं ऐकून एकदा एक काकू म्हणाल्या होत्या, "नागपूरचे वाटत नाही हं तुम्ही." मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? झाला होता.

माझा बाप पोस्टात होता. टपाल वाटायचा. मी निघालो तेव्हा विमानतळावर त्यानं एकच सांगितलं. "कोणी विचारलं तर सांगायचं. मान वर करून सांगायचं." आमच्या नागपूरच्या घरात दारातून आत आलं की समोर निळ्या कोटातल्या, चष्म्यातल्या त्या माणसाचा फोटो दिसतो. रोज पुसलेला. तसाच फोटो मी इथेही आणला. पण बेडरूममध्ये लावला. कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. लोक जेवायला आले की कपाट बंद. ज्यांच्यामुळे माझा बाप शाळेची पायरी चढला, त्यांना मी शर्टांच्या शेजारी लटकवलं होतं.

पूलच्या त्या दुपारनंतर मकरंदला खात्री झाली होती. मग सुरू झालं.

इंग्लिशमध्ये तो माझं कौतुक करायचा. मीटिंगमध्ये, आमच्या डायरेक्टर डेनासमोर. डेना अमेरिकन, गोरी, बोलायला नीट. "ही इज अवर रॉक," तो म्हणायचा. आणि कॉल संपताना, डेना आणि बाकीचे अमेरिकन लाइनवर असतानाच, मराठीत हळूच, "सरकारी जावयांना जरा सांभाळून घ्यावं लागतं." निखिल आणि आणखी एकदोघे खुदकन हसायचे. डेना विचारायची, काय झालं? "जस्ट अ जोक," मकरंद म्हणायचा.

आमची भाषा. माझी आई ज्या भाषेत मला हाका मारते ती भाषा. ती त्यानं भिंतीसारखी वापरली. भिंतीच्या आत मी आणि तो. बाहेरच्यांना फक्त हसणं ऐकू यायचं.

आणि मी काय करत होतो? व्हिसावर होतो. ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या हातात. माझा रिव्ह्यू मकरंद करणार. नोकरी गेली की देश सोडायचा, घर विकायचं, पोरीची शाळा तोडायची. हे सगळं मी स्वतःला सांगायचो. यातलं खोटं काहीच नाही. पण पूलच्या काठावर मी हसलो तेव्हा यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. तेव्हा फक्त सवय होती.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचा सेवेचा दिवस आला. दर वर्षी एक दिवस ऑफिस सोडून काहीतरी समाजकार्य करायचं. डेनानं यंदा एक जुनी स्मशानभूमी निवडली. फ्रिस्कोपासून पूर्वेला, तासाभराहून जास्त ड्राइव्ह. पाइनच्या झाडांत एक लहान पांढरं चर्च आणि त्याच्या मागे कबरी. काळ्या लोकांच्या. गुलामीतून सुटलेल्या पहिल्या पिढीच्या. काहींवर दगड, काहींवर नुसता खड्डा पडलेला. गवत कमरेइतकं. कंपनीनं तिथल्या एका कबरीसाठी नवा दगड द्यायचं कबूल केलं होतं.

आम्ही सगळे कंपनीचे निळे टी-शर्ट घालून उतरलो. हातमोजे, दाताळी, कात्र्या. चर्चच्या वतीनं एक म्हातारी बाई आली होती. मिस अर्नेस्टीन. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, डोक्यावर जांभळी हॅट. आयुष्यभर गावातल्या शाळेत शिकवलेलं. ज्या कबरीला दगड बसणार होता ती त्यांच्या पणजोबांची. रेव्हरंड आयझॅक.

दुपारी जेवायला आम्ही ओकच्या झाडाखाली बसलो. कुणीतरी विचारलं, हे रेव्हरंड कोण होते? मिस अर्नेस्टीन फोल्डिंगच्या खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर. त्या सांगायला लागल्या. मी इथं मराठीत लिहितोय, त्या अर्थातच इंग्लिशमध्ये बोलत होत्या.

"आयझॅक गुलाम होते. इथून जवळच कापसाचा मळा होता, तिथं. मालकाच्या घरात संध्याकाळी बायबल वाचायचे. आयझॅक पोरगं असताना दाराबाहेर उभे राहायचे, माश्या वारायला. तिथं ऐकून ऐकून पाठ केलं. वाचायला शिकताना सापडलं असतं तर चाबूक. म्हणून कानांनी शिकले. मग शेतावरच्या लोकांना झाडीत जमवून तेच सांगायला लागले. ओरडून नाही. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"युद्ध संपलं. गुलामी गेली. टेक्सासमध्ये बातमी उशिरा आली, पण आली. तेव्हा ते चांगले मोठे होते, लेकरंबाळं होती. लेकरांच्या शेजारी बसून अक्षरं शिकले. हे चर्च बांधलं. मग मत द्यायचा हक्क मिळाला. आता मत द्यायचं कुणाला? लोकांना कोण माहीत होतं? जो माणूस दर रविवारी त्यांच्याशी बोलायचा, तो. त्यांनी त्यालाच निवडून ऑस्टिनला पाठवलं. राज्याच्या विधिमंडळात. तेव्हा दक्षिणेत ठिकठिकाणी असे धर्मोपदेशक निवडून गेले. काल ज्यांचा बाजारात भाव ठरत होता, ते आज कायदे करायला बसले."

"वाव," डेना म्हणाली.

"थांबा," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "पहिल्याच अधिवेशनाची गोष्ट. त्याच सभागृहात मालकाचा मुलगाही निवडून आला होता. थोडा पुढे बसायचा. कामकाज चालू असताना त्यानं मान वळवली आणि म्हणाला, 'आयझॅक, पाणी आण.'"

आमच्यातलं कुणी खात नव्हतं.

"आणि ते उठले. उठून गेले. पाणी ओतलं, आणून त्याच्या हातात दिलं. मतं घेऊन आलेला माणूस. अंगात लोकांनी मिळून शिवलेला कोट. ते म्हणायचे, माझे पाय माझ्या आधी उठले. पाण्याचा पेला दिला तेव्हा कुठं मला कळलं की मी चालतोय.

"त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, 'आयझॅक, पाणी.' ते बसून राहिले. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग ते उभे राहिले. म्हणाले, 'अध्यक्ष महाराज, या सदस्यांना तहान लागली आहे. माझ्या लोकांनी मला इथं यांचं पाणी भरायला पाठवलंय की कायदा करायला, ते सभागृहानं मला सांगावं.'"

"मग?" डेनानं विचारलं. "सभागृह काय म्हणालं?"

"काही नाही. काही हसले. काही उठून बाहेर गेले. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. पण पुन्हा कुणी पाणी मागितलं नाही. गरीब पोरांसाठी शाळा काढायच्या कायद्यावर ते बोलले, मत दिलं. नंतरच्या निवडणुकीला घोड्यांवरून माणसं आली, बंदुका घेऊन. चर्च जाळलं. आयझॅक परत कधी निवडून गेले नाहीत. शेत कसलं, चर्च पुन्हा बांधलं, मेले. दगडाला पैसे नव्हते."

मग त्या म्हणाल्या, "त्या दोन दिवसांची गोष्ट ते दर वर्षी चर्चमध्ये सांगायचे. घरचे म्हणायचे, पहिला दिवस कशाला सांगता? दुसऱ्या दिवसापासून सांगा. ते म्हणायचे, पहिला दिवस गाळला तर दुसराही खोटा होतो."

मी गवताकडे बघत होतो. माझे पाय माझ्या आधी उठले. मला ते वाक्य कळलं. कुणीही समजावून न सांगता कळलं.

लोक उठले, पुन्हा कामाला लागले. मकरंद माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हातात दाताळं. चेहऱ्यावर तेच मीटिंगमधलं हसू. निखिल मागेच होता. मिस अर्नेस्टीन अजून खुर्चीतच.

"ए," मकरंद मराठीत म्हणाला, "पाणी आण रे जरा. बघू तुझे पाय उठतात का."

निखिल हसला.

आणि मी गेलो.

मस्करीत गेलो. मस्करी आहे असं दाखवायला गेलो. झाडाखाली कूलर होता, त्यातून बाटली काढली, आणून मकरंदसमोर धरली. त्यानं दोन्ही हात वर केले. हसत हसत मागे सरकला.

"नको रे, राहू दे. तुझ्या हातचं आईला चालायचं नाही."

त्याची आई पुण्याहून आली होती, काही महिन्यांसाठी. ती तिथं नव्हती. तिचं नाव कशाला? त्याला गंमत साधायची होती. साधली. मी बाटली धरून उभा. बाटलीवरून थंड पाणी माझ्या मनगटावर ओघळत होतं. आणि माझं तोंड हसत होतं.

मिस अर्नेस्टीन खुर्चीतून उठल्या. हळूहळू चालत आल्या. माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण फिरवलं, प्यायल्या. घोट घोट. बराच वेळ. मग मकरंदकडे न बघता मला विचारलं, "हा काय म्हणाला तुम्हाला?"

"जस्ट अ जोक, मॅम," मकरंद म्हणाला.

"मी यांना विचारलं."

मी म्हटलं, "इट डझन्ट ट्रान्सलेट, मॅम." भाषांतर होत नाही त्याचं.

"मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावर कोण कुणाला काय म्हणतंय ते कळायला भाषा यावी लागत नाही. आणि हे जे हसू आहे ना तुमच्या तोंडावर, ते मी ओळखते. माझ्या वडिलांना होतं. दुकानात, बँकेत, पोलिसासमोर. घरी आले की तेच तोंड दगडासारखं व्हायचं. लहानपणी मला त्यांच्या हसण्याची भीती वाटायची."

मग म्हणाल्या, "रविवारी दगड बसवतोय. बायकोला घेऊन या."

परतीच्या वाटेवर मी गाडीत एकटा होतो. मला वाटलं होतं राग येईल. राग आला नाही. लाज आली. इतकी की आरशात मागची गाडी बघायची म्हटलं तरी स्वतःचा चेहरा दिसेल म्हणून मान वळवत होतो. त्या बाईच्या पणजोबाच्या कबरीपाशी उभं राहून, त्या माणसाची गोष्ट ऐकून, दहा मिनिटांत मी तेच केलं होतं. तो तरी गुलामीतून नुकताच सुटलेला. माझ्या पाठीशी काय नव्हतं? शिक्षण होतं. संविधान होतं. बाप होता, ज्यानं सांगून पाठवलं होतं.

घरी आलो. सुजाता चहा करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आजचं. फोनवरच्या टोमण्यांचं. पूलवरच्या हाताचं.

तिनं गॅस बंद केला.

"काहून हासला तू?" ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडातून 'काहून' आलं.

मी खुर्ची ओढून बसलो.

"त्या दिवशी मी आत होते," ती म्हणाली. "सगळ्या बायका किचनमध्ये काकड्या चिरत होत्या. मी सुरी उचलली तर त्याची आई म्हणाली, तुम्ही बसा हो, तुम्ही पाहुण्या. बाकीच्या काय घरच्या होत्या? मी बाहेर सोफ्यावर बसून राहिले. पाहुणी. तू गाडीत म्हणालास ऊन लागलं. मी म्हटलं, मलाही लागलं."

मला आठवलं. ती म्हणाली होती.

"आणि ऐक. मैत्रीनं मले विचारलं मागच्या हप्त्यात." मैत्री आमची मुलगी. नववीत. जन्म इथलाच. "मॉम, व्हॉट कास्ट आर वी? बसमध्ये कोणीतरी विचारलं तिले. आपल्या मराठी लोकांतल्याच कोणाच्या पोरानं. मी काय म्हटलं माहीत आहे? वी डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट. पोरगी म्हणाली, ओके, बट व्हॉट डू आय टेल देम?"

चहा तसाच राहिला. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"मी पोरीले काय सांगू?" सुजाता म्हणाली. "हासायचं असं सांगू?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. चर्च भरलेलं. बायकांच्या मोठ्या हॅट्स, पुठ्ठ्याचे पंखे, पुढच्या बाजूला गाणाऱ्यांचा ताफा. आम्हाला कुणी परकं मानलं नाही, सरकून जागा दिली. डेना आली होती. निखिल आला होता. मकरंद ब्लेझर घालून. कंपनीच्या वतीनं दोन शब्द त्यानंच बोलायचे होते.

तो छान बोलला. छान बोलतोच. म्हणाला, "आम्ही भारतीय तुमचं दुःख समजू शकतो. आमच्या संस्कृतीत प्रत्येक माणसात देव बघतात. रेव्हरंड आयझॅक यांचं धैर्य आम्हाला प्रेरणा देतं." लोक म्हणाले, "आमेन." खाली बसताना त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग पाद्रीबाईंनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? त्यांच्यात तशी पद्धत आहे. ज्याला बोलावंसं वाटतं तो उभा राहतो आणि आपल्यावर काय गुदरलं ते सगळ्यांसमोर सांगतो. एक म्हातारा आपल्या आजारपणाबद्दल बोलला. एक मुलगी तुरुंगातल्या भावाबद्दल.

मिस अर्नेस्टीन पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

मी उभा राहिलो. पुढचा बाक धरला. सुजाताचा हात माझ्या कोटाला लागला. तिनं ओढलं नाही, ढकललंही नाही.

"मिस अर्नेस्टीन," मी इंग्लिशमध्ये म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतं, हा काय म्हणाला. मी म्हटलं, भाषांतर होत नाही. ते खोटं होतं. होतं भाषांतर."

चर्चमधले पंखे हलायचे थांबले.

आधी मी ते मराठीत म्हटलं. जसंच्या तसं. "पाणी आण रे जरा. बघू तुझे पाय उठतात का." आणि, "तुझ्या हातचं आईला चालायचं नाही." मग इंग्लिशमध्ये. शब्दाला शब्द. मग सांगितलं की मी ज्या लोकांत जन्मलो त्यांच्या हातचं पाणी माझ्या देशात विटाळ मानलं गेलं. शेकडो वर्षं. त्यांना तळ्यावर पाणी पिऊ दिलं नाही. रंग एक असतो, भाषा एक असते, तरी ओळखून काढतात. पाठीवरून हात फिरवून ओळखतात. माझा मॅनेजर आत्ता इथं देवाबद्दल बोलला. त्यानं माझ्या पाठीवरून असा हात फिरवला. आणि मी हसलो. परवा या कबरींमध्ये त्यानं पाणी मागितलं. मी आणून दिलं.

"टेक युअर टाइम," मागून कुणीतरी म्हणालं.

"हा माझा पहिला दिवस आहे," मी म्हटलं. "तो मी गाळणार नाही." आणि बसलो.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी मिठी मारली नाही. कुणीतरी हलकेच "येस" म्हणालं. मैत्री माझ्याकडे बघत होती. माझ्या मुलीनं माझा हा आवाज याआधी कधी ऐकला नव्हता. तिच्या तोंडावर अभिमान नव्हता. तिला धक्का बसला होता. इतके दिवस तिच्या बापाला असं कुणी म्हणत होतं आणि बाप घरी येऊन पिझ्झा ऑर्डर करत होता, हे तिला कळलं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि मला ते बघावं लागलं.

बाहेर पायऱ्यांवर मकरंदनं मला गाठलं. चेहरा लाल.

"मस्करी होती यार ती," तो म्हणाला. दात आवळून, मराठीत. "आपल्या घरातलं भांडण तू बाहेरच्यांसमोर काढलंस."

"कुठलं घर?" मी विचारलं. "तुझ्या घरात मी कधी होतो? मी तर पूलपर्यंत आलो होतो."

"तुला कळतंय का तू काय केलंस? डेना तिथं होती. माझं करिअर आहे."

"इंग्लिशमध्ये बोल," मी म्हटलं. "मोठ्यानं बोल. सगळ्यांना कळू दे."

तो पायऱ्या उतरून निघून गेला. निखिल गाडीजवळ उभा होता, मोबाइलमध्ये बघत. त्याला माझ्याकडे बघता आलं नाही.

मिस अर्नेस्टीननी सुजाताचा हात हातात घेतला होता. मला त्या एवढंच म्हणाल्या, "आता त्रास सुरू होईल. आयझॅकना झाला." खोटा धीर दिला नाही. बरं केलं.

त्रास सुरू झाला. एचआरनं बोलावलं. समोरची बाई सज्जन होती. तिनं विचारलं, तुम्ही दोघंही इंडियन ना? मग हा भेदभाव कसा? मी समजावलं. ती म्हणाली, आमच्या पॉलिसीत वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे. हा शब्द नाही. मग त्यांनी मला प्रोजेक्टवरून काढलं, तात्पुरतं म्हणाले. माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलचं विचारलं तर, बघतो म्हणाले. मराठी लोकांच्या ग्रुपमधले फोन यायचे बंद झाले. दोनचार जणांनी मात्र गुपचूप फोन केले. आमच्यातलेच. एक मिशिगनमधल्या ट्रॉयहून, एक इथलाच, शेजारच्या कॉलनीतला. इतकी वर्षं त्याच्याशी क्रिकेटवर बोलत होतो. तो म्हणाला, "माझ्याही पाठीवरून फिरला होता रे हात." मग रडायला लागला. मीही लपूनच होतो की.

परवा कंपनीनं तोडगा काढला. तो गैरसमज होता असं दोघांनी मान्य करायचं. मित्रांमधला गैरसमज. मकरंद इथंच राहील. माझी बदली ओहायोत, डब्लिनच्या ऑफिसात. पगार तोच. फाइल पुढे सरकेल. डेना म्हणाली, मला वाटतं यात सगळ्यांचं भलं आहे. तिला मनापासून तसं वाटत होतं.

मी घरी येऊन सांगितलं. सुजाता म्हणाली, "डब्लिनले काय मराठी लोक नाहीत?"

लाज गेलेली नाही. सकाळी दाढी करताना येते. मैत्री जेवताना गप्प बसली की येते. काल ती म्हणाली, "बाबा, आय टोल्ड देम." बसमध्ये तिनं सांगून टाकलं. काय झालं विचारलं तर खांदे उडवले. चौदा वर्षांच्या पोरीला मान वर करून सांगावं लागलं ते मी आधी सांगायला हवं होतं.

सोमवारी एचआरच्या खोलीत उत्तर द्यायचंय. मी ठरवलंय. गैरसमज नव्हता. त्यानं नीट समजून केलं आणि मला नीट समजलं. डब्लिनला मी जाणार नाही. याच ऑफिसात, याच माणसांच्या मधे रोज येऊन बसणार. विचारतील त्याला सांगणार, आणि न विचारणाऱ्यालाही. त्यांना मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. देश सोडावा लागला तर सोडू, तेही आम्ही तिघांनी बोलून ठेवलंय. पण काढताना कारण द्यावं लागेल. त्या कारणात कुठलेही गोड शब्द मी चालू देणार नाही. जात. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी त्या खोलीतून बाहेर पडणार नाही.